प्रश्न नेमका कुणाचा? नॉर्थॅम्प्टनपासून पाबळपर्यंत

इयरफोन कानात असतील तर आवाज जरा वाढवा, आणि ऐकण्याऐवजी वाचत असाल तर हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय एका शब्दापासून सुरू होतो. शब्द आहे 'प्रोजेक्ट'. हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं, रंगीत कागदाचं कव्हर, आदल्या रात्री जागून उतरवलेली वही, आणि शेवटी सरांची लाल सही. ती वही पुढे कुठे जाते हे कुणालाच माहीत नसतं. वहीत काही चुकलं म्हणून कुणाचं काही बिघडतही नाही.

ही शेवटची गोष्ट डोक्यात ठेवा. 'चुकलं तर कुणाचं बिघडतं?' आज आपण या एका प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. तो व्यवसाय शिक्षणाच्या शाळांमधून जातो. त्याच शाळा, ज्यांच्याबद्दल आपल्याकडे अजूनही हळू आवाजात म्हटलं जातं, "मार्क कमी पडले ना, म्हणून तिकडे टाकलाय त्याला."

बटाट्याचा वाफा आणि हिशोबाची वही

साल १९०८. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थॅम्प्टन नावाचं गाव आहे. तिथे एक शेतीशाळा सुरू झाली, स्मिथ्स ॲग्रिकल्चरल स्कूल. तिचे प्रमुख म्हणून आले रूफस स्टिमसन. गंमत म्हणजे हा माणूस तत्त्वज्ञान शिकलेला, आणि त्याआधी कनेक्टिकटच्या कृषी महाविद्यालयाचा अध्यक्ष. मोठं पद सोडून तो हायस्कूलच्या पोरांना शेती शिकवायला आला.

त्याच्यासमोरची अडचण साधी होती. शाळेची स्वतःची शेती असायची. तिथे पोरं खुरपणी करायची, बी पेरायची. पण पीक शाळेचं, पैसा सरकारचा. पीक बुडालं तरी पोराच्या घरची चूल पेटतच राहायची. त्यामुळे पोरं काम करायची, पण विचार करायचीच असं नाही. आणि शेतकरी बाप म्हणायचा, सरकारी पैशावर कुणीही शेती करेल, माझ्या रानात करून दाखवा.

स्टिमसनने नेमकं तेच केलं. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या शेतावर एक काम निवडायचं. कुणी बटाट्याचा एक तुकडा करेल, कुणी कोंबड्या पाळेल, कुणी गाय सांभाळेल. बियाणं किती, मजुरी किती, विक्री किती, सगळा जमाखर्च मुलानेच लिहायचा. शिक्षकाने घरोघर जाऊन ते बघायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा, कारण पीक सुट्टीवर जात नाही. वर्गात काय शिकवायचं हे त्या कामातून ठरायचं. बटाट्यावर रोग पडला की रोगाचा धडा. नफा दिसेना की हिशोबाचा धडा. या पद्धतीला नाव पडलं 'होम प्रोजेक्ट', म्हणजे घरचा प्रकल्प.

१९११ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही पद्धत राज्याच्या कृषी शिक्षणात घेतली. १९१७ मध्ये अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला. केंद्राचा पैसा व्यवसाय शिक्षणाला देणाऱ्या या कायद्यात शेती शिकणाऱ्यांसाठी एक अट होती: वर्षातले किमान सहा महिने प्रत्यक्ष शेतावर, देखरेखीखाली काम. एका गावातली कल्पना नऊ वर्षांत देशाच्या कायद्यात पोचली.

मग शब्द हलका झाला

कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, विल्यम किलपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकाने 'प्रोजेक्ट मेथड' हा लेख लिहिला आणि तो शिक्षणाच्या जगात प्रचंड गाजला. किलपॅट्रिकच्या मते मुलाने मनापासून, हेतू ठेवून केलेली कुठलीही गोष्ट प्रोजेक्ट होऊ शकते. पतंग बनवणं, नाटक बसवणं, अगदी एखादा कार्यक्रम मनापासून बघणंसुद्धा.

कल्पना वाईट नव्हती. मुलाच्या आवडीला शाळेत जागा मिळाली. पण या व्याख्येत बटाट्याचा वाफा राहिला नाही, आणि हिशोबाची वहीही राहिली नाही. मुलाला मजा आली म्हणजे प्रोजेक्ट झाला. पुढे हा शब्द शाळाशाळांत पोचला, आणि पसरता पसरता पातळ झाला. आपल्या हातातली रंगीत कव्हरची वही हे त्याच पातळ झालेल्या शब्दाचं रूप.

बरं, 'प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग' हे आज कानावर पडणारं नाव कुठून आलं? ते आलं डॉक्टरांच्या जगातून. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये २० विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तुकडी घेतली, आणि त्यांना आधी भाषणं देऊन मग पेशंट दाखवण्याऐवजी उलटं केलं. आधी पेशंटची केस समोर. याला काय झालं असेल? हे कळायला आपल्याला काय माहीत हवं? मग ते शोधा. प्रश्न आधी, धडा नंतर. स्टिमसनच्या शेतीशाळेत ६० वर्षांपूर्वी हेच चालू होतं, फक्त तिथे पेशंटच्या जागी बटाटा होता.

वर्धा, १९३७

आता आपल्याकडे येऊ. कारण आपल्याकडे हा विचार परदेशातून पार्सल होऊन आलेला नाही, त्याची स्वतःची वाट आहे.

ऑक्टोबर १९३७. वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष महात्मा गांधी. मांडणी अशी: सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि त्याच्या मधोमध एक हस्तोद्योग. सूतकताई घ्या, सुतारकाम घ्या, शेती घ्या. त्या कामातून गणित, विज्ञान, भूगोल शिकायचा. आराखडा करायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हीच 'नई तालीम'.

गांधींची आणखी एक अपेक्षा होती. मुलांनी बनवलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघावा. इथे वाद पेटला. शाळेचा कारखाना होणार का? मास्तर मुकादम होणार का? खुद्द झाकीर हुसेन समितीनेच आपल्या अहवालात हा धोका नोंदवून ठेवला: कमाईच्या नादात शिक्षण मागे पडू शकतं.

हा धोका नीट समजून घ्या, कारण तो किलपॅट्रिकच्या अगदी उलट टोकाला आहे. तिकडे कामाला बाहेर गिऱ्हाईकच नाही. इकडे गिऱ्हाईक इतकं महत्त्वाचं की मुलगा टकळी फिरवतच राहतो, आणि 'धागा का तुटला?' हा प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. पहिल्या टोकाला काम खोटं पडतं, दुसऱ्या टोकाला शिकणं.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? नई तालीम कागदावर मोठी झाली, शाळांत बारीक होत गेली. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या आयोगाने नवा शब्द दिला, 'कार्यानुभव'. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचं नाव केलं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना 'कार्यानुभव'चा तास आठवत असेल. खडू बनवा, कागदी फुलं करा, राखी करा. आठवड्यातला तास, शेवटी श्रेणी. गणिताचा पोर्शन मागे पडला की हाच तास गणिताच्या सरांना मिळायचा.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर आकडेच ठरवले: उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांत. १९९२ मध्ये धोरण सुधारलं तेव्हा या तारखा पाच पाच वर्षं पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडचं 'एमसीव्हीसी' हे त्याच लाटेतलं. त्यातून अनेकांचं भलं झालं, पण 'कमी मार्कवाल्यांची साईड' हा शिक्का काही पुसला नाही.

शास्त्रज्ञ पाबळला का गेला

या सगळ्या धोरणांच्या धामधुमीत एक माणूस पुण्यापासून साधारण ७० किलोमीटरवरच्या पाबळ गावात येऊन राहिला. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली पीएचडी, म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेत काम, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठं पद. मुदतीआधी निवृत्ती घेऊन १९८३ मध्ये त्यांनी पाबळला 'विज्ञान आश्रम' सुरू केला. तो इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचं केंद्र म्हणून. ही संस्था कुणी काढलेली? त्याच जे. पी. नाईकांनी, १९४८ मध्ये.

शिरूर तालुक्यातलं पाबळ म्हणजे अवर्षणग्रस्त भाग. पाणी कमी, पैसा कमी, सोयी कमी. कलबागांनी तेच मुद्दाम निवडलं. अशा ठिकाणी पद्धत टिकली तर ती कुठेही टिकेल, हा विचार.

त्यांनी शाळा सोडलेल्या मुलांसाठी निवासी अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्याच्या जोडीने नेहमीच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आणला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताने काम. चार विभाग: वर्कशॉप आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. सगळ्यांनी सगळं करायचं. म्हणजे मुलीही वेल्डिंग करणार आणि मुलगेही स्वयंपाक करणार. शिकवायला हातात कसब असलेली स्थानिक माणसं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याच्या शालान्त मंडळाने या विषयाला मान्यता दिली.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, हा तर कार्यानुभवच, फक्त तास मोठा. फरक एका अटीत आहे. शाळेने गावाला सेवा द्यायची. मुलांनी जे करायचं ते गावातल्या कुणाला तरी खरोखर हवं असलं पाहिजे, आणि त्याने त्याचा खर्च दिला पाहिजे.

चार सळया आणि एक बोअर

उदाहरण घेऊ. पाबळसारख्या गावात सगळ्यात महाग प्रश्न कुठला? बोअर कुठे घ्यायची. खाली काळा पाषाण. बोअर कोरडी गेली की कर्ज डोक्यावर.

विज्ञान आश्रमात जमिनीचा विद्युत रोध मोजून पाण्याची शक्यता सांगण्याचं काम मुलांना शिकवलं गेलं. पद्धत अशी. चार सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज मोजायचं. ओला, फुटका, भेगाळ खडक विजेला कमी अडवतो. कोरडा आणि एकसंध पाषाण जास्त अडवतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोलवर उतरते, म्हणून खालच्या थरांचा अंदाज येतो.

आता यात वर्ग कुठे आहे बघा. समजा अंतर १० मीटर, वीज ०.१ अँपिअर, व्होल्टेज ०.५. रोध झाला ५ ओहम. तो दोन पाय गुणिले अंतराने गुणला की जमिनीची रोधकता येते, साधारण ३१४ ओहम-मीटर. म्हणजे तुम्ही पुस्तकात पाठ केलेला ओहमचा नियम, भूमितीतला पाय आणि आलेखाचा कागद, तिन्ही एकाच शेतात हजर. आणि हे यंत्र पाणी 'दाखवत' नाही, फक्त शक्यता सांगतं, ही समजसुद्धा मुलाला तिथेच येते. कारण समोर शेतकरी उभा असतो आणि विचारतो, "मग घेऊ का बोअर?" या प्रश्नाचं उत्तर देताना मुलगा आलेख परत एकदा बघतो. गाईडमधून उतरवलेलं उत्तर तिथे कामाचं नसतं.

दुसरं उदाहरण पाबळच्या डोमचं. गोलाकार, त्रिकोणांच्या सांगाड्याचं घर. त्रिकोणच का? चौकोनी चौकट दाबली की तिरकी होते. त्रिकोणाच्या बाजू तितक्याच ठेवून त्याचा आकार बदलताच येत नाही. सगळ्यात साध्या अर्धगोल डोमला ६५ तुकडे लागतात, दोनच लांबीचे. त्रिज्या २ मीटर असेल तर ३० तुकडे साधारण १.०९ मीटरचे आणि ३५ तुकडे १.२४ मीटरचे. वर्गात १.०९ च्या जागी १.१९ लिहिलं तर अर्धा मार्क जातो. इथे डोम मिटतच नाही. शेवटचा नट बसत नाही, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागातही असे डोम उभे राहिले.

आरोग्याच्या विभागात रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणी. शेतीच्या विभागात रोपं, कोंबड्या आणि त्यांचा जमाखर्च. नॉर्थॅम्प्टनची हिशोबाची वही आठवली ना? कलबागांनी ती तिकडून उचलली असं मी म्हणत नाही. पण खरा प्रश्न हातात घेतला की हिशोब आपोआप मागे येतो, मग गाव मॅसॅच्युसेट्समधलं असो की शिरूर तालुक्यातलं.

२००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर 'फॅब लॅब' उभारायला सुरुवात केली, संगणकावर आरेखन करून वस्तू घडवायची कार्यशाळा. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या जागांमध्ये पाबळ होतं. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, डॉ. कलबाग गेले. आश्रमाचं काम चालू राहिलं, आणि 'मूलभूत तंत्रज्ञान'चं बीज आज 'बहुकौशल्य पायाभूत अभ्यासक्रम' या नावाने अनेक शाळांत आहे.

मग अडतं कुठे?

एवढं चांगलं आहे तर सगळीकडे का नाही?

एक, गावाचा प्रश्न वेळापत्रक बघून येत नाही. गाय रविवारी आजारी पडते. शाळेचा शिक्षक, पगार, सुट्ट्या हे सगळं पुस्तकाच्या सोयीने बांधलेलं आहे.

दोन, परीक्षा. हजारो शाळांना एकच मोजपट्टी लावायची म्हटलं की प्रत्येक गावाचा वेगळा प्रश्न चालत नाही. मग 'प्रात्यक्षिक क्रमांक ७' तयार होतो. तोच स्विचबोर्ड, तीच खुर्ची, दरवर्षी. बोर्ड जोडला जातो, दिवा लागतो, फोटो निघतो आणि बोर्ड सोडवून पुढच्या तुकडीसाठी ठेवला जातो. काम हाताने झालं, पण प्रश्न कुणाचाच नव्हता.

तीन, आणि हे जास्त बोचणारं: काम करणाऱ्या हाताला आपल्या समाजात मान कमी आहे, आणि त्याचं नातं जातीशी आहे. वेल्डिंग शिकणारा 'मागे पडलेला', तेच वेल्डिंग इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये केलं की 'स्किल'. पाबळच्या पद्धतीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तिथे हा विषय नेहमीच्या हायस्कूलमध्ये, नेहमीच्या विषयांच्या शेजारी बसवला गेला. हुशार-मठ्ठ अशी वाटणी करून एका गटाला अवजारं आणि दुसऱ्याला पुस्तकं दिली नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक आकडा दिलाय. भारतात १९ ते २४ वयोगटातल्या कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला जाण्याची सूचना आहे.

दहा दिवस सुतारकाकांकडे, कुंभाराकडे. ऐकायला छान. पण आजच्या इतिहासातून एक कसोटी हाती लागते, ती इथे लावा. ती मुलं तिथे फोटो काढून परत येणार, की सुतारकाकांची एखादी अडचण वहीत लिहून आणणार आणि महिनाभर तिच्याशी झुंजणार? पहिलं झालं तर ती सहल. दुसरं झालं तर शाळा.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता आयटीआयमध्ये, डिप्लोमाला किंवा बारावीच्या व्यवसाय शाखेत असाल. तुमच्यासमोरही लवकरच 'प्रोजेक्ट' येईल. विषय निवडताना यादीतला ३४ नंबरचा उचलण्याआधी एक करा. तुमच्या गल्लीत, वाडीत, नाक्यावर जाऊन एका माणसाला विचारा, तुझं रोज काय अडतं? पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, रसवंतीवाल्याला विचारा, आजीला विचारा. आणि त्याला सांगून ठेवा की चार महिन्यांनी मी परत येणार आहे.

तो माणूस वाट बघायला लागला, की तुमचा प्रोजेक्ट सुरू झाला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या शाळेतल्या 'कार्यानुभव'च्या तासाला नेमकं काय चालायचं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!